पखालीच्या बैलामागची मिरवणूक

पुणे शहरात मिरवणूक निघाली आणि तिच्यात आमचे आतोबा नव्हते, असं माझ्या माहितीत तरी कधी घडलेलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. श्रीमंतांची स्वारी पर्वतीला निघो, एखादा सरदार मोहीम फत्ते करून येवो, सदाशिव पेठेत कुणाची वरात असो की कसब्यात कुणाच्या मुंजीची भिक्षावळ, ताशाचा पहिला ठोका कानी पडला की हा गृहस्थ भरल्या पानावरून उठायचा आणि पगडी सारखी करत रस्त्यावर यायचा. वरपक्षाला वाटायचं हे वधूकडचे, वधूपक्षाला वाटायचं वराकडचे, आणि दोघेही अदबीनं त्यांना वाट करून द्यायचे. कारण त्यांच्या चेहऱ्यावर भाव असा असायचा, की कार्य ह्यांच्याच घरचं आहे आणि बाकीची मंडळी आयत्या वेळी आली आहेत. मांडवाच्या दाराशी कुणी अत्तराचा फाया घेऊन पुढे झालं, की "आम्हाला घर आहे" एवढं म्हणून आतोबा मागे फिरत. आगंतुक म्हणून ते कुणाच्या पंक्तीला कधी बसले नाहीत. वरात मांडवात शिरली की त्यांच्या लेखी ती संपली. "पुढं उरतो तो नुसता संसार," असं ते म्हणायचे, आणि हे वाक्य आत्याच्या देखत म्हणायचे.

हे वेड त्यांना लागलं ते तरुणपणी. एका सरदाराच्या पागेत वैरणीवरचे कारकून म्हणून ते एकदाच काय ते मोहिमेवर गेले होते. तलवार त्यांनी पाहिली ती दुसऱ्यांच्या कमरेला. फौज फत्ते होऊन पुण्यात परतली तेव्हा दिल्ली दरवाज्यापासून माणसं दुतर्फा उभी होती, गच्च्यांवरून फुलं पडत होती, नौबत झडत होती. आतोबा होते सगळ्यांच्या मागे, सामानाच्या बैलांबरोबर. त्यांच्यापर्यंत येईतो फुलं संपली होती, पोरं पांगली होती आणि धूळ मात्र पुरून उरली होती. तरी एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी उभी होती. तिनं हातातल्या मूठभर लाह्या त्यांच्या अंगावर टाकल्या आणि म्हणाली, "तूही आलास का रे बाबा? बरं झालं." आतोबा हे सांगताना अंगरख्यावरच्या लाह्या झटकल्यासारखं करायचे. मग लगेच खाकरून म्हणायचे, "व्यवस्था वाईट होती. फुलं शेवटच्या माणसापर्यंत पुरली पाहिजेत. पुढच्यांना काय, त्यांना पागोट्यातले तुरे असतात."

घरातही त्यांची चाल मिरवणुकीचीच. मंडईतून दुधीभोपळा आणायचा झाला तरी तो बगलेत मारून आणणं त्यांना जमत नसे. दोन्ही हातांवर आडवा धरून, मान ताठ ठेवून, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत यायचे. एकदा म्हैस विकत घेतली ती हलगी लावून घरी आणली. पेठेतल्या बायका नवरीमुलगी बघायला म्हणून दारात आल्या आणि म्हैस पाहून आत गेल्या. "बायांनो, नाकीडोळी नीटस आहे, उगाच नाकं मुरडू नका," असं आतोबा भर रस्त्यात म्हणाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे आत्या त्यांचा उल्लेख 'स्वारी' असाच करायची. इतर बायका आपल्या नवऱ्याला स्वारी म्हणतात तो मान देण्यापुरता. आत्यानं "स्वारी निघाली" म्हटलं की ऐकणारा दार उघडून बाहेर बघायचा, कारण कुठल्या तरी गल्लीतून खरोखरच शिंग वाजलेलं असायचं.

त्यांचे अभिप्रायही ठरलेले असत. "घोडा उत्तम चालला, नवरा मात्र पकडून आणल्यासारखा." "ताशेवाल्याला घरी काही दुःख असावं." एका बड्या सावकाराच्या मुलाची वरात पाहून आल्यावर म्हणाले, "मशाली पुष्कळ होत्या. मुलाचं तोंड दिसलं, ही एक चूक झाली." पेठेत कार्य झालं की यजमान धाकधुकीनं विचारायचे, "आतोबा काही म्हणाले का?" कारण सारी पेठच त्यांना आतोबा म्हणायची.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी आतोबा कसब्यात एका वरातीत होते. चैत्र सरत आला होता, अक्षय तृतीया चार-पाच दिवसांवर आली होती. आत्याला ताप होता, म्हणून मी काढ्याची पुडी घेऊन तिच्याकडे गेलो होतो. त्यांचं बिऱ्हाड सदाशिव पेठेत हौदाच्या पलीकडे. दोन खण, वर गवताचं छप्पर, आणि मागच्या अंगाला एका सरदाराची पागा. पागेत वैरणीच्या गंज्या अशा रचलेल्या की उन्हाळ्यात त्यांच्याकडे नुसतं बघितलं तरी अंग तापावं. मी काढा उकळायला ठेवला आणि मागून घोडी ओरडायला लागली. दार उघडून बघतो तर गंजी पेटलेली. ठिणगी कुठून आली ते देव जाणे. वारा आमच्याच दिशेचा होता.

मी एकटा आत्याला उचलू शकेना. ती ग्लानीत होती. मी ओरडत बाहेर आलो तर हौदाकडून माणसं पळत येतच होती. हौदाशेजारच्या तालमीतले पैलवान अंगाच्या तांबड्या मातीसकट धावत आले. त्यांचे वस्ताद पुढे. चौघांनी आत्याची बाज चार पायांना धरून उचलली आणि तिला निजल्या जागेवरून, गोधडीसकट, बाहेर नेलं. पेठेला पाणी घालणारे एक वयस्क पखालजी होते, त्यांना ओळखीची घरं चाचा म्हणत. बैलाच्या पाठीवर कातड्याची भरलेली पखाल लादून ते दारोदार पाणी देत फिरायचे. त्या धुरात घोडीसुद्धा पाऊल टाकेनात, पण चाचांनी बैलाच्या कानात काहीतरी म्हटलं आणि तो बैल सरळ आमच्या घराच्या अंगाला जाऊन उभा राहिला. चाचांनी पखालीचं तोंड सोडलं आणि भिंत, छप्पर, दार, सगळं चिंब केलं. मग पुन्हा हौद, पुन्हा धूर.

तरी एवढ्यानं आग आटोपली नसती. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं पाण्याचं मडकं देण्याची रीत, म्हणून कसब्यातल्या कुंभारणी गाढवांवर मडकी लादून हौदाजवळ विकायला बसल्या होत्या. वर्षाचा हंगाम तो. त्यांच्यातली एक म्हातारी उठली, पदर खोचला आणि पहिलं मडकं तिनंच हौदात बुडवलं. "भरा आन् फेका!" ती ओरडली. "भरल्यालं तसंच फेका आगीवर, वतत बसू नका! फुटंना का! मातीचं हाय, परत व्हईल. घर न्हाई व्हत!" बायकांनी, पैलवानांनी, रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यांनी हातोहात मडकी पुढे दिली. आग विझली तेव्हा पागेच्या भिंतीशी खापरांचा ढीग पडला होता आणि कुंभारणींच्या गोणपाटावर एक मडकं उरलं नव्हतं.

आतोबा धापा टाकत आले तेव्हा सगळं उरकलं होतं. वरातीत गळ्यात पडलेली झेंडूची माळ तशीच होती. आत्या रस्त्यात बाजेवर उठून बसली होती. तापानं डोळे लाल, कपाळावर राख. तिनं यजमानांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, माळ पाहिली, आणि मंद आवाजात म्हणाली, "आज माझी मिरवणूक निघाली. चार जण खांदा द्यायला होते. नेमकी स्वारी तेवढी नव्हती."

आतोबांनी माळ काढली. ती कुठे ठेवावी हे त्यांना समजेना, ती हातातच राहिली. दिवसभर ते आत्याच्या उशाशी बसून पंख्यानं वारा घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याची विचारपूस करायला गेलो तर आतोबा अंगरखा घालून तयार. "चल," म्हणाले. "काल सगळे कसे गेले, तू बघितलंस?"

"कसे म्हणजे? आपापल्या घरी गेले."

"तेच! चाचा हौदाच्या पायरीवर फाटकी पखाल शिवत बसले होते. शिवून झाली, उठले, गेले. पैलवान अंगावरची राख धुऊन गेले. त्या कुंभारणी रिकामी गाढवं हाकत गेल्या. कुणी विचारलं नाही, बाई, खायला घरी काही आहे का? आणि गेल्या महिन्यात दोन तट्टं पळवून आणणाऱ्या एका शिलेदाराला हत्तीवर बसवलं होतं. मी स्वतः पुढं चाललो होतो त्याच्या!" त्यांनी पगडी सारखी केली. "मिरवणूक निघाली पाहिजे. ह्यांची. साग्रसंगीत."

मिरवणुकीला कोतवाल चावडीचा परवाना लागायचा. तिथला कारकून पानाला चुना लावत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "मिरवणूक कसली? देवाची, लग्नाची, की विजयाची? चौथी आमच्याकडे नाही."

"विजयाची," आतोबा म्हणाले.

"कोणावर?"

"अग्नीवर."

कारकुनानं पान खाली ठेवलं. "अहो, अग्नी हा देव. देवावर विजय? उद्या शास्त्रीमंडळी माझ्या दारात बसतील."

आतोबा पुढं वाकले. "मग देवाची लिहा. अग्निनारायण आमच्या पेठेत आले होते, पाहुणचार घेऊन सुखरूप परत गेले. त्यांना निरोप."

"परत गेले ना नक्की?"

"जाताना पागेची वैरण तेवढी नेली. बाकी तक्रार नाही."

परवाना मिळाला. अक्षय तृतीयेचा दिवस, आणि सूर्यास्ताच्या आत आटपायची अट. आतोबांनी मार्ग आखला तो असा: हौदापासून निघून थोरल्या रस्त्यानं थेट श्रीमंतांच्या वाड्यापुढून. नगारखान्याच्या सज्जात त्या वेळी कुणी बडं माणूस उभं असतं, अशी त्यांना पक्की खबर होती. "एकदा तिथून दिसले," ते मला म्हणाले, "की पुन्हा कुणी ह्यांना नुसतं पाणीवाले, मडकीवाले म्हणणार नाही."

परवाना मिळवणं सोपं होतं. मानापानाचं जमवणं कठीण. पुण्यात माणूस आगीत उडी घेईल, पण पंक्तीत दुसरं पान घेणार नाही. वस्ताद म्हणाले, "बाईंना बाहेर कुणी काढलं? तालमीनं. मग तालीम पुढं." म्हाताऱ्या कुंभारणीनं कंबरेवर हात ठेवून विचारलं, "आन् मडकी काय आभाळातनं पडली व्हय?" पागेत घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांचं म्हणणं, जळालं ते आमचं, तेव्हा पहिला मान आमचा. चाचांना तर यायचंच नव्हतं. "अहो आतोबा, मी पाणी घातलं. रोजच घालतो. उद्या तुम्ही जेवल्याबद्दल मिरवणूक काढाल." आणि ह्या सगळ्यांवर कडी केली ती गल्लीच्या टोकाच्या शास्त्रीबुवांनी. आग लागली तेव्हा ते आपल्या ओट्यावर बसून सूक्त म्हणत होते, आणि वारा पडला तो त्यामुळेच असं त्यांचं मत होतं. शिवाय त्यांना आणखी एक सांगायचं होतं. "तुमच्या घरावर कातड्यातलं पाणी पडलंय. शुद्धी केल्याखेरीज मी उंबरा ओलांडायचा नाही. आणि पखालजीच्या मागे चालायचा तर नाहीच नाही."

आतोबांनी हात जोडले. "शास्त्रीबुवा, भिजलेलं घर तुम्ही शुद्ध करून द्याल. जळालं असतं तर काय शुद्ध केलं असतंत?"

शास्त्रीबुवा उपरणं झटकून आत गेले. पण वस्ताद ऐकेनात, मोतद्दार ऐकेनात, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी कुंभारणींचा निरोप आला, की भांडणं मिटत नसतील तर आम्ही भट्टी लावायला बसतो. आतोबा ओट्यावर डोकं धरून बसले होते. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मिरवणुकांना नावं ठेवली होती, आणि आता स्वतःची निघण्याआधीच मोडत होती. आत्या तापातून उठली होती, गहू निवडत होती. ती सुपावरची नजर न काढता म्हणाली, "धुरात पहिलं पाऊल कुणाचं पडलं?"

"चाचांचं."

"चाचा दावं धरून मागं होते. बाहेर आणल्यावर मला शुद्ध आली, मी बाजेवरून बघत होते; स्वारी वरातीत होती."

आतोबा ताडकन उठले आणि तसेच सगळीकडे फिरून आले. पुढं बैल चालणार, हे ऐकल्यावर कुणाला बोलायला जागाच राहिली नाही. वस्ताद हसले. म्हणाले, "बैलाशी कुस्ती आपण धरत नाही." कुंभारीण म्हणाली, "त्येचा मान हाय, खरंच हाय." मोतद्दारांनी बैलासाठी झूल देऊ केली. बैल येणार म्हटल्यावर चाचांना यावंच लागलं.

अक्षय तृतीयेला ऊन कलल्यावर हौदापाशी सगळे जमले. बैलाची शिंगं हिंगुळानं रंगवली होती, गळ्यात चाचांच्या आणि बैलाच्या सारख्याच माळा. पैलवानांनी ठेवणीतले फेटे बांधले होते. कुंभारणी नव्या लुगड्यांत अवघडून उभ्या होत्या. पेठेतल्या बायकांनी मिळून ती लुगडी दिली होती, आणि हे आत्यानं आतोबांना विचारल्याशिवाय परस्पर घडवून आणलं होतं. ताशे, सनई, एक शिंग. आतोबांची एकच शेवटची हौस होती. "पखाल भरा," ते म्हणाले. "रिकामी पखाल घेऊन मिरवणं म्हणजे म्यानात तलवार नसणं."

चाचा म्हणाले, "आतोबा, नको. भरलेली पखाल पाठीवर आली की हा बैल..."

"भरा!"

भरली. शिंग फुंकलं, ताशे कडकडले, आणि मिरवणूक निघाली ती इतकी देखणी, की आतोबांनी स्वतः मान डोलावली. थोरल्या रस्त्याचं वळण आलं. आतोबांनी उजवीकडे हात केला. बैल डावीकडे वळला.

चाचांनी दावं ओढलं, वस्तादांनी शिंगाला हात घातला, दोन पैलवान आडवे झाले. बैल त्यांना बाजूला सारून चालू लागला. "मी हेच सांगत होतो," चाचा रडवेल्या आवाजात म्हणाले. "पाणी पाठीवर आलं की ह्याला वाटतं कामाची वेळ झाली. मग हा आपल्या वाटेनं जातो. माझंही ऐकत नाही." आणि बैल पहिल्याच बोळातल्या पहिल्याच दाराशी जाऊन थांबला. आतून रोजच्यासारखी कडी निघाली, एक बाई हंडा घेऊन बाहेर आली, आणि समोर ताशे, सनई, फेटे बघून तिचा हंडा हातातून सुटला. बैल हलेना. पाणी दिल्याशिवाय तो हलायचाच नाही. शेवटी माळा घातलेले चाचा पुढं झाले, त्यांनी हंडा भरून दिला, मग बैल पुढच्या दाराला.

आतोबांचा चेहरा मला बघवेना. सूर्य खाली येत होता, सज्जातलं बडं माणूस वाट बघत असेल-नसेल, आणि पुण्यातली सर्वांत साग्रसंगीत मिरवणूक दर दहा पावलांवर थांबून पाणी वाटत होती. "संपलं," ते पुटपुटले. पण तिसऱ्या की चौथ्या दाराशी काहीतरी वेगळं घडलं. तिथली बाई हंड्याबरोबर कुंकवाची कुयरी घेऊन आली. ताशे कानी पडल्यावर तिनं अंदाज बांधला असावा. तिनं बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं, कुंभारणींना लावलं, आणि म्हाताऱ्या कुंभारणीला म्हणाली, "त्या दिवशी माझ्या हातात पण मडकं दिलं होतं तुम्ही. मीच फोडलं की हो ते!" दोघी हसायला लागल्या. पुढच्या दारी गूळपाणी आलं. त्याच्या पुढं अत्तरवाल्यांच्या आळीत बैल शिरला. तिथं मिरवणूक म्हणून कधी गेली नव्हती. तिथल्या म्हाताऱ्यांनी चाचांना मिठ्या मारल्या आणि पैलवानांच्या मनगटांना अत्तर चोळलं. गच्च्या नव्हत्या, सज्जे नव्हते. माणसं दारात उभी होती, हात लांब केला तर लागतील अशी. माझ्या लक्षात आलं, की आतोबांनी केव्हाच हात खाली घेतले होते. ते आता मार्ग दाखवत नव्हते. फुलांची टोपली काखेला मारून ते अगदी शेवटी गेले होते, जिथं मोतद्दारांची पोरंबाळं चालत होती, आणि तिथं प्रत्येकाच्या अंगावर फूल पडतंय की नाही ते बघत होते.

शास्त्रीबुवा रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, आपल्या कामाला निघाल्यासारखे चालत होते. मिरवणुकीशी संबंध नाही, पण अंतरही पडू द्यायचं नाही, अशा बेतानं. बैल त्यांच्या वाड्याला वळसा घालून मागच्या दाराशी गेला आणि थांबला.

ताशे आपोआप बंद पडले. सगळी पेठ शास्त्रीबुवांकडे बघायला लागली. शास्त्रीबुवा लाल झाले. "बागेपुरतं," ते म्हणाले. "फुलझाडांना. तुळस वगळून."

कुणीतरी खोकलं. तेवढ्यात दार उघडून शास्त्रीणबाई घागर घेऊन बाहेर आल्या आणि समोर न बघताच म्हणाल्या, "काय चाचा, आज इतका उशीर? माझे रांजण केव्हाचे रिकामे पडलेत." मग त्यांनी वर पाहिलं. शंभर डोळे पाहिले, नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि दार लावून घेतलं.

चाचांनी खाली मान घातली. दावं धरून ते बैलाला मागं खेचायला लागले. पहिल्यांदाच बैल हलायला तयार दिसला. त्या क्षणी मला वाटलं, झालं ते एवढंच, आता आंबट तोंडानं सगळे घरी जातील. पण दार पुन्हा उघडलं. शास्त्रीणबाईंच्या हातात तबक होतं, निरांजन लावलेलं. त्यांनी बैलाला ओवाळलं. मग पदर सावरून, चाचांपासून दोन हात अंतर ठेवून, पण त्यांच्याकडे तोंड करून, त्यांनाही ओवाळलं. "त्या दिवशी वारा फिरला असता तर पुढचं घर आमचंच होतं," त्या म्हणाल्या, आणि हे त्या कुणाला सांगत होत्या ते सगळ्यांना कळलं.

शास्त्रीबुवांनी ताशेवाल्यांकडे बघून डोळे वटारले. "वाजवा की! थांबायला काय झालं?" आणि ते कडेवरून मिरवणुकीत आले. बैलाच्या मागे, पैलवानांच्या पुढे, बरोबर चाचांच्या शेजारी. उपरणं तेवढं त्यांनी चाचांपासून लांबच्या खांद्यावर घेतलं.

थोरल्या रस्त्यापर्यंत मिरवणूक पोचलीच नाही. पखाल रिकामी झाली तेव्हा सूर्य टेकला होता; बैल आपणहून हौदाशी आला आणि उभा राहिला. नगारखान्याच्या सज्जात त्या दिवशी कोण उभं होतं, हे आम्हाला कधी समजलं नाही. मी आतोबांना विचारलं, "कशी झाली?" पेठेतली दहा-वीस माणसं कान देऊन उभी राहिली.

"वेळेचं भान नव्हतं," आतोबा म्हणाले. "मार्ग चुकला. नायक कुणाचं ऐकत नव्हता." मग काखेतली टोपली सारखी करून म्हणाले, "ह्याहून चांगली मी पाहिलेली नाही." आणि आत्याकडे वळून त्यांनी टोपलीतली उरलेली फुलं तिच्या ओंजळीत घातली, भर रस्त्यात, चारचौघांत. त्या काळी नवरा-बायको रस्त्यात शेजारी उभेसुद्धा राहत नसत. आत्या म्हणाली, "पुरे आता, लोक बघतात," पण ओंजळ तिनं मिटली नाही.

चार दिवसांनी मी हौदावर गेलो होतो. चाचा पखाल भरत होते. मी विचारलं, "मग, कसं वाटलं मिरवून?" ते म्हणाले, "लाज वाटली हो. पण आता लोक हाक मारतात ती नावानं. आधी चार घरं सोडली तर बाकीचे 'ए पखाल' म्हणायचे. शास्त्रीबुवासुद्धा नाव घेतात. जरा चुकीचं घेतात. मी दुरुस्त करत नाही, एवढं मनावर घेतात हेच पुष्कळ." आणि बैलाच्या पाठीवर थाप मारून ते निघून गेले.

पुढं दर अक्षय तृतीयेला आमच्या पेठेत मिरवणूक निघू लागली. एक वर्ष दोन सुइणी पुढं चालल्या, त्यांच्या हातांवर निम्मी पेठ जन्मली होती. एक वर्ष पटकीच्या साथीत परक्यांची प्रेतं उचलणारे पाच जण होते. त्या वर्षी ताशे नव्हते, लोक नुसते दारात उभे राहिले, आणि आतोबांनीच तसं ठरवलं होतं. प्रत्येक वेळी चावडीवरचा तो कारकून विचारायचा, "ह्या वर्षी कुठला देव?" आणि आतोबांकडे उत्तर तयार असायचं.

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेले ते थंडीत, पहाटे, अगदी साधेपणानं; आत्या म्हणते, झोपेतच. काळही पूर्वीचा राहिला नाही. मोहिमा निघतात त्या सगळ्याच जिंकून येत नाहीत, आणि शहरात माणसं एकमेकांशी जपून बोलतात. पण परवा मुठेला पूर आला, तेव्हा नदीकाठच्या कोळ्यांच्या बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून वाहत आलेली वासरं, पाळणे, म्हातारी माणसं काठाला ओढत होत्या. मी ते डोळ्यांनी पाहिलं. एकीनं तर ओढून काढलेल्या म्हाताऱ्याला आधी खडसावलं, की पोहता येत नाही तर पुरात आलासच कशाला, आणि मग आपलं लुगडं त्याच्या अंगावर टाकलं. घरी येईस्तोवर माझ्या मनात एकच होतं, की हे कुणाला तरी सांगितलं पाहिजे. आणि सांगायचं कुणाला, हे आठवलं तशी पायातली गती गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. आत्या आता माझ्याकडेच असते, तिला फारसं दिसत नाही. तिनं विचारलं, "काय रे, असा का बसलास?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं, आणि मग दाराकडे हात करून म्हणाली, "मग इथं काय करतोस? तालमीत जा. वस्तादांच्या मुलाला सांग, त्या बायकांची नावं विचारून ये म्हणावं. आणि ताशेवाला यंदा जरा बरा बघा."

बाहेर पाऊस उघडला होता. मी उपरणं घेतलं आणि निघालो.